घरचा अभ्यास : ही करणी उतरते



गेल्या पंधरवड्यात एका भगिनीचे पत्र आले. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून आपण त्यांना नुसते ताई म्हणू. ताई सातवीपर्यंत शिकलेल्या. घरी गोधड्या शिवून देतात. त्यांचे पती गवंडीकाम करतात. थोरली मुलगी नववीत आहे. घटक चाचणीत तिला बीजगणितात २० पैकी ४ गुण मिळाले. तेव्हापासून तिचे एकच पालुपद, "आई, मला गणित येणारच नाही. दहावीनंतर डिप्लोमाचे नाव काढू नकोस." वडील दिवसभर उन्हात राबून येतात. त्यांनी एक दिवस रागाच्या भरात म्हटले, "नसेल जमत तर बस घरी." पोर तेव्हापासून जेवायला बसली तरी डोळे पुसते.

शेजारच्या आजींनी विचारले, "काय गं, का रडतेस?" मुलगी म्हणाली, "आजी, करणी जमत नाही." आजींनी एवढेच ऐकले, 'करणी'. त्या ताईंच्या कानाशी लागल्या, "पोरीवर कुणीतरी करणी केलीय. देवऋष्याकडं ने. लिंबू उतरवून घे."

ताई लिहितात, असले काही आमच्या घरात कुणी मानत नाही. पण पोरीचे काय करायचे तेही समजत नाही. मी सातवी शिकलेली बाई. तिची वही मला तपासता येईल का? पत्राबरोबर त्यांनी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स जोडली आहे.

ताई, येईल. वही तुम्हालाच तपासता येईल. गुणाकार तर तुम्हाला येतोच, तेवढा पुरे आहे. आजचे सारे लिखाण तुमच्या आणि तुमच्या लेकीसाठी आहे. इतर वाचकांनीही पाटी-पेन्सिल घेऊन बसावे.

करणी म्हणजे काय?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. गणितातल्या करणीचा आणि लिंबू-बिब्ब्याच्या करणीचा काडीचाही संबंध नाही. दोरीच्या मापाने आखणी कशी करावी हे सांगणारे शुल्बसूत्र नावाचे फार जुने ग्रंथ आहेत. तिथे हा शब्द येतो. करणी म्हणजे करणारी, घडवणारी. जी बाजू चौरस घडवते ती करणी. दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस घडवणारी ती द्विकरणी, तिप्पट क्षेत्रफळाचा घडवणारी ती त्रिकरणी. आज आपण त्यांनाच √२ आणि √३ म्हणतो. पुढे भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात, म्हणजे ११५० च्या सुमारास, करणींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांचे नियम दिले. √ हे चिन्ह मात्र आपल्याकडचे नाही. ते क्रिस्टोफ रुडोल्फ या गणित शिकवणाऱ्या गृहस्थाने १५२५ साली जर्मन भाषेतल्या पुस्तकात छापले. चिन्हाच्या डोक्यावरची आडवी रेघ फ्रान्सच्या देकार्तने १६३७ साली जोडली. म्हणजे हे चिन्ह कुणा मांत्रिकाचे नाही. मोजमाप करणाऱ्या माणसांनी गरजेपोटी केलेली ही खूण आहे. (छपाईत ती आडवी रेघ नीट उमटत नाही, म्हणून आपण इथे कंस वापरू.)

एखादा चौरस तुकडा ४९ चौरस इंचांचा असेल तर त्याची बाजू ७ इंच, कारण ७ × ७ = ४९. हे ४९ चे वर्गमूळ. असे पूर्ण उत्तर निघाले तर प्रश्न मिटला. पण तुकडा ७२ चौरस इंचांचा असेल तर? ८ × ८ = ६४, ९ × ९ = ८१. बाजू ८ आणि ९ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. ती कोणत्याही अपूर्णांकात नेमकी मांडता येत नाही. अशा वर्गमुळाला करणी म्हणतात आणि ते √७२ असे लिहितात. ही करणी जितकी मोकळी करता येईल तितकी मोकळी करणे म्हणजे तिचे सरळ रूप देणे.

बरोबर उत्तरातच किल्ली

आता उत्तरपत्रिका पाहू. पाच प्रश्न, प्रत्येकी ४ गुण. एक बरोबर, चार चुकीचे. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला लाल फुली आहे. का चुकले ते कुठेच लिहिलेले नाही. वर्ग मोठे असतात, शिक्षकांना वेळ नसतो, हे मान्य. पण फुली पाहून मुलाला एवढेच कळते की आपण चुकलो. चूक कुठे झाली हे त्याला कळत नाही. ते आता आपण शोधू.

मी चुकांच्या आधी बरोबर उत्तर पाहिले. प्रश्न होता, √१७६४ काढा. मुलीने लिहिले :

१७६४ = २ × २ × ३ × ३ × ७ × ७

म्हणून √१७६४ = २ × ३ × ७ = ४२.

सुरेख! तिने मूळ अवयव पाडले, दोन सारख्या अवयवांची एक जोडी केली आणि प्रत्येक जोडीतून एकच आकडा बाहेर काढला. पुढचाच प्रश्न होता, √७२ चे सरळ रूप द्या. तिथे तिने लिहिले, ३६√२. खरे तर रीत तीच आहे. पण 'वर्गमूळ काढा' आणि 'करणीचे सरळ रूप द्या' ही दोन वेगळी प्रकरणे आहेत असे तिला वाटले. वरच्या प्रश्नात जे येत होते ते खालच्या प्रश्नात वापरायचे असते, हे तिला कुणी सांगितले नाही.

७२ = २ × २ × २ × ३ × ३

दोनची एक जोडी झाली, तिचा एक २ बाहेर. तीनची एक जोडी, तिचा एक ३ बाहेर. एक २ एकटा उरला, तो आतच राहिला. बाहेर २ × ३ = ६, आत २. उत्तर ६√२. जोडी बाहेर, एकटा आत. एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

मुलीला ७२ = ३६ × २ हे दिसले, ही चांगली गोष्ट आहे. पण तिने ३६ अख्खा बाहेर आणला. ३६ म्हणजे ६ × ६. जोडीतला एकच ६ बाहेर येतो.

ताई, आता तुमचा ताळा. बाहेरचा आकडा त्याच आकड्याने गुणा, मग आतल्या आकड्याने गुणा. मूळचा आकडा परत आला पाहिजे. ६ × ६ × २ = ७२. जमले. आता तिचे उत्तर : ३६ × ३६ × २ = २५९२. कुठे ७२ आणि कुठे २५९२! ही तपासणी करायला नववीचे पुस्तक लागत नाही.

एक सावधगिरी ठेवा. समजा मुलीने २√१८ लिहिले. ताळा जमतो, कारण २ × २ × १८ = ७२. पण काम अर्धेच झाले आहे. १८ च्या पोटात ९ लपला आहे आणि ९ म्हणजे ३ × ३ ही जोडी. ती बाहेर काढली की ६√२. म्हणून दुसरी तपासणी अशी : आत उरलेल्या आकड्याला ४, ९, २५, ४९ अशा वर्गाने भाग जातो का पाहावे. जात असेल तर अजून जोडी आत आहे.

गोधडीचा हिशेब

दुसरी चूक सर्वात मोठी, आणि ती फक्त या मुलीची नाही. दरवर्षी असंख्य मुले ती करतात. प्रश्न : √५० + √१८. उत्तर लिहिले, √६८. आतल्या आकड्यांची बेरीज करून टाकली.

हे का चालत नाही? सोपे आकडे घेऊन पाहा. √९ = ३, √१६ = ४, दोन्ही मिळून ७. आता आतली बेरीज करा. √(९ + १६) = √२५ = ५. सात आणि पाच सारखे कसे होतील?

ताई, हे तुमच्या गोधडीत बघू. ३ वीत बाजूचे एक चौरस ठिगळ घ्या, ते ९ चौरस वितींचे. ४ वीत बाजूचे दुसरे घ्या, ते १६ चौरस वितींचे. दोन्ही बाजू जोडून ७ वीत बाजूची चौरस गोधडी करायची आहे. ७ × ७ = ४९ चौरस वीत कापड लागणार. तुमच्याकडे ९ + १६ = २५ एवढेच आहे. २४ कुठून आणणार? ठिगळे मांडून बघा. मोठे ठिगळ एका कोपऱ्यात, लहान ठिगळ समोरच्या कोपऱ्यात. उरलेल्या दोन जागा रिकाम्या राहतात. प्रत्येक जागा ३ × ४, म्हणजे १२ ची. दोन्ही मिळून २४. आतले आकडे बेरजेने जोडणारा विद्यार्थी ही दोन ठिगळे विसरतो. गोधडीला भोके राहतात.

ताईंच्या पतींना विचारले तर ते दुसऱ्या रीतीने सांगतील. पाया काटकोनात आहे का हे पाहताना गवंडी एका दोरीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट खूण करतो आणि मधले तिरके अंतर टेपने मोजतो. ते बरोबर ५ फूट भरले की कोपरा गुण्यात आला. √(९ + १६) म्हणजे ते तिरके ५ फूट. √९ + √१६ म्हणजे भिंतीच्या कडेकडेने चालून ७ फूट. तिरकी वाट कडेच्या वाटेपेक्षा जवळची असते, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असते. मुलीच्या घरातच हे गणित रोज चालते. चूक अशी की ते वहीशी जोडलेले नाही.

मग √५० + √१८ करायचे कसे? दोन्ही आधी मोकळे करा.

५० = ५ × ५ × २, म्हणून √५० = ५√२

१८ = ३ × ३ × २, म्हणून √१८ = ३√२

आता दोन्हींच्या आत √२ आहे. अशा करणींना सरूप करणी म्हणतात. पाच आंबे आणि तीन आंबे मिळून आठ आंबे, तसे पाच √२ आणि तीन √२ मिळून आठ √२. उत्तर ८√२.

याचाही अर्थ कापडावर दिसतो. ५ इंच बाजूचे चौरस ठिगळ कोपऱ्यावर उभे केले की एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंतचे अंतर √(२५ + २५) = √५० इंच होते. ३ इंच बाजूच्या ठिगळाचे तेच अंतर √१८ इंच. दोन्ही कोपऱ्याला कोपरा लावून ओळीत ठेवली तर लांबी ८√२, म्हणजे सुमारे ११.३१ इंच भरते. √६८ मात्र सुमारे ८.२५ इंच. या हिशेबाने कापड कापले तर किनार तीन इंचांनी कमी पडेल.

आतले आकडे सारखे होत नसतील तर? √२ + √३ चे काय करायचे? काही नाही. आंबे आणि केळी एकत्र मोजून पाच आंबे होत नाहीत. √२ + √३ तसेच ठेवावे. तेच त्याचे सरळ रूप. मुलांना वाटते की काहीतरी केलेच पाहिजे, नाहीतर उत्तर अपुरे. तसे नाही. जिथे थांबायचे तिथे थांबणे हेही गणितच आहे.

गुणाकारात मोकळीक

तिसरा प्रश्न : ५√३ × २√६. मुलीने लिहिले, ७√१८. आतला गुणाकार बरोबर केला, बाहेर मात्र ५ आणि २ यांची बेरीज केली. गुणाकारात बाहेरचा बाहेरच्याशी गुणायचा, आतला आतल्याशी.

५ × २ = १०, ३ × ६ = १८, म्हणून १०√१८. आता १८ च्या पोटातली तीनची जोडी मोकळी करा. १० × ३√२ = ३०√२.

ताळा : ५ × ५ × ३ = ७५ आणि २ × २ × ६ = २४. ७५ × २४ = १८००. उत्तराचे, ३० × ३० × २ = १८००. जमले.

मुली विचारतील, बेरजेत आत जाता येत नाही, मग गुणाकारात का चालते? √४ × √९ = २ × ३ = ६, आणि √३६ सुद्धा ६. कारण असे की गुणाकारात आकड्यांची जागा बदलली तरी चालते. √४ × √९ या गुणाकाराला त्यानेच गुणले तर √४ ची एक जोडी होते, √९ ची एक जोडी होते, आणि ४ × ९ उरते. रिकामी जागा कुठेच राहत नाही. बेरजेत ती दोन ठिगळे राहतात. फरक एवढाच.

अक्षरे आली तरी हाच नियम. १८ × क्ष × क्ष × क्ष चे वर्गमूळ काढायचे असेल आणि क्ष धन असेल, तर तीनची जोडी बाहेर, क्षची एक जोडी बाहेर, आत २ आणि एकटा क्ष. उत्तर ३क्ष√(२क्ष). क्ष ऋण असेल तेव्हा जपावे. (−५) × (−५) = २५ आणि √२५ = ५, उणे पाच नव्हे. √ हे चिन्ह नेहमी धन वर्गमूळ दाखवते.

छेदातली करणी

चौथा चुकलेला प्रश्न : ४ ÷ (३ − √५) या अपूर्णांकाच्या छेदाचे परिमेयीकरण करा. नाव जड आहे, काम हलके आहे. छेदात करणी ठेवायची नाही, एवढाच अर्थ.

पण का ठेवायची नाही? एक साधे उदाहरण घेऊ, १ ÷ √२. √२ म्हणजे सुमारे १.४१४२. एकाला १.४१४२ ने हाताने भागून पाहा, घाम फुटेल. आता वर-खाली दोन्हीकडे √२ ने गुणा. वर √२, खाली √२ × √२ = २. अपूर्णांक झाला √२ ÷ २. म्हणजे १.४१४२ चे अर्धे, ०.७०७१. तोंडी उत्तर! यंत्रे नव्हती तेव्हा या रीतीने केवढे श्रम वाचत असतील, कल्पना करा. हा आकडा तुम्ही पाहिलाही असेल. झेरॉक्सच्या दुकानात ए-तीन आकाराचा कागद ए-चारवर लहान करताना यंत्रावर ७१ टक्के दिसतात आणि उलट मोठा करताना १४१ टक्के. ते हेच १ ÷ √२ आणि √२. ए-चार कागद २९७ मिलिमीटर लांब आणि २१० मिलिमीटर रुंद असतो. २९७ ला २१० ने भागा, जवळजवळ √२ येते. या प्रमाणामुळेच कागद मधोमध दुमडला तरी त्याचा आकार बदलत नाही, नुसता लहान होतो. १९२२ साली जर्मनीत हे माप ठरले. ताईंनी पाठवलेली झेरॉक्सही याच मापाची आहे!

आता मुलीचा प्रश्न. छेद ३ − √५. तिने वर-खाली पुन्हा ३ − √५ नेच गुणले. खाली आले १४ − ६√५. करणी गेली नाहीच, उलट जड झाली. पुढे तिने गणित सोडून दिले. इथे तिला एक जुने सूत्र आठवायला हवे होते. (अ − ब) × (अ + ब) म्हणजे अचा वर्ग वजा बचा वर्ग. म्हणून चिन्ह बदलून ३ + √५ ने गुणायचे. या दोघांना अनुबद्ध जोडी म्हणतात.

खाली : (३ − √५) × (३ + √५) = ९ − ५ = ४

वर : ४ × (३ + √५)

चार आणि चार गेले. उत्तर ३ + √५. इतका अवघड दिसणारा अपूर्णांक, आणि उत्तर किती सुटसुटीत!

ताळा भागाकाराचाच. उत्तराला छेदाने गुणले की अंश आला पाहिजे. (३ + √५) × (३ − √५) = ४. जमले. आकड्यांत पाहायचे तर √५ सुमारे २.२३६. ४ ला ०.७६४ ने भागले तर सुमारे ५.२३६ येते, आणि ३ + २.२३६ सुद्धा ५.२३६.

मोबाइल आहे, मग हे कशाला?

हा प्रश्न मुले विचारतात आणि तो रास्त आहे. मोबाइलवर √२ दाबले की १.४१४२१३५६ असा आकडा येतो. पण तो पुरा नाही. १.४१४ ला त्यानेच गुणून पाहा. १.९९९३९६ येते, २ येत नाही. कितीही पुढचे आकडे घेतले तरी थोडे उणे-अधिक राहतेच.

याचे कारण आपल्या जोडीच्या नियमातच आहे. समजा √२ हा एखादा अपूर्णांक आहे, वर त आणि खाली थ. मग त × त = २ × थ × थ व्हायला हवे. कोणत्याही संख्येला तिनेच गुणले की तिचे सगळे मूळ अवयव जोडीने येतात. म्हणजे डावीकडे दोन हा अवयव सम वेळा येणार. उजवीकडे थ × थ मध्ये तो सम वेळा, आणि वर एक जादा २, म्हणजे विषम वेळा. एकच संख्या, तिच्यात २ सम वेळाही आणि विषम वेळाही, हे शक्य नाही. म्हणून √२ अपूर्णांकात बसत नाही. नववीच्या मुलीला हे समजले तर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या काळात ग्रीक विचारवंतांना चकित करणारी गोष्ट तिला समजली, असे म्हणायला हरकत नाही.

माणसे मात्र जवळचा आकडा शोधत राहिली. बाबिलोनची एक मातीची वीट अमेरिकेत येल विद्यापीठात आहे. ती साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. तिच्यावर चौरस आणि त्याचे कर्ण कोरलेले आहेत आणि √२ ची किंमत दिली आहे. तिच्यातले दशांश चिन्हानंतरचे पाच आकडे आजच्याशी जुळतात. शुल्बसूत्रातल्या रीतीने √२ ची किंमत ५७७ ÷ ४०८ येते. ताळा करा. ५७७ × ५७७ = ३३२९२९. ४०८ × ४०८ ची दुप्पट = ३३२९२८. फरक फक्त एकाचा! पण तो एक राहतोच.

म्हणून गणितात ६√२ असे लिहिले की उत्तर पूर्ण खरे असते, आणि कापड कापताना किंवा भिंत आखताना हवे तेवढे आकडे घेता येतात. आधी सरळ रूप, मग शेवटी एकदाच आकडा. मधेच आकडे तोडत गेलो की चूक वाढत जाते.

ताईंना आणि बाबांना

ताई, तुमच्या लेकीच्या चार चुका मी पाहिल्या. पहिलीत जोडीतले दोन्ही आकडे बाहेर आले. दुसरीत बेरीज आत शिरली. तिसरीत गुणाकाराऐवजी बेरीज झाली. चौथीत एक चिन्ह बदलायचे राहिले. सोळा गुण या चार गोष्टींत गेले. या चार गोष्टी चार संध्याकाळींत दुरुस्त होतात. जिला १७६४ चे अवयव बिनचूक पाडता येतात तिला गणित येत नाही, हे मी मान्य करणार नाही.

तिच्या बाबांना माझा निरोप सांगा. एक दिवस कामावरून येताना टेप घेऊन या आणि लेकीला सांगा की १० फूट बाय १० फूट खोलीचा कर्ण काढ. ती वहीत १०√२ लिहील, म्हणजे सुमारे १४ फूट पावणेदोन इंच. मग दोघांनी मिळून टेप लावा. वहीतले उत्तर जमिनीवर उतरलेले तिला दिसू द्या. तिला घरी बसवण्यापेक्षा हे सोपे आहे. आणि शेजारच्या आजींनाही बसवा जवळ. ही करणी लिंबाने उतरत नाही, मूळ अवयव पाडले की उतरते, हे त्यांनाही कळेल.

आता सरावासाठी सहा गणिते :

१) √९८
२) √१८०
३) √७५ − √२७ + √१२
४) २√५ × ३√१०
५) ६ ÷ √३
६) १ ÷ (√५ − २)

यांची उत्तरे मी या अंकात देत नाही, पुढच्या अंकातही देणार नाही. बरोबर की चूक हे ठरवायला कुणाच्या लाल शाईची गरज नाही. ताळा तुमच्या हातात आहे. मुलीने सोडवावे, आईने ताळा करावा. दोघींचे जुळले की वहीवर आईनेच बरोबरची खूण करावी.

ताई, पुढच्या चाचणीचे गुण जरूर कळवा. कमी आले तरी कळवा. मग पुन्हा उत्तरपत्रिका मांडून बसू.